शेवटून दुसरा बूट

दातांचे डॉक्टर एका पायात बूट घालून माझ्या दारात उभे होते, आणि दुसरा बूट मी त्यांना देऊ शकत नव्हतो.

"सर, दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलाय," ते म्हणाले.

"अगदी दोन मिनिटं," मी म्हणालो. "तुमचा बूट या क्षणी शेवटून दुसरा बचावपटू आहे. तो उचलला तर या सगळ्या मुलांचा पाया कच्चा राहील."

डॉक्टरांनी जिन्याच्या चौकात पाहिलं. तिथे आमच्या मजल्यावरची आणि खालच्या मजल्यावरची यच्चयावत पादत्राणं दोन संघांत विभागून मांडलेली होती. गोल म्हणून दोन छत्र्या. गोलरक्षक म्हणून आमच्या हिची घरात घालायची चप्पल, कारण ती आकाराने ऐसपैस आहे. (हे मी हिच्यासमोर बोललो नव्हतो; मुलांनी पोचवलं.) भोवती इमारतीतली मुलं मांडी घालून बसलेली, आणि त्यांत सगळ्यांत पुढे, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, माझी नात भिंगरी.

"पण माझाच बूट का?" डॉक्टर म्हणाले.

"चकचकीत आहे. मागच्या मुलांना दिसतो."

ते पायरीवर बसले. माझ्या आयुष्यातला हा शेवटचा निर्विघ्न तास.

आमच्या कॉलनीत दोन इमारती आहेत, अ आणि ब. दरवर्षी त्यांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना होतो. गेल्या वर्षी एका गोलावरून मोठी माणसं भांडली आणि अ इमारतीने ब इमारतीला गच्चीची किल्ली देणं बंद केलं. वर्षभर आमचे कपडे खिडकीत वाळले. म्हणून यंदा सेक्रेटरी स्वतः घरी आले.

"सर, यंदा सगळं नियमाने. अगदी ऑफसाइडसकट. मुलांना तुम्ही शिकवा. तुमच्याएवढा धीर कुणाकडे आहे?"

चाळीस मुलांच्या वर्गाला भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला धीर आहे असं म्हटलं की तो विरघळतो. मी लगेच हो म्हणालो.

"अहो, तुम्ही जन्मात कधी फुटबॉलला पाय लावलाय का?" ही आतून म्हणाली.

"भूमिती शिकवायला मी त्रिकोण होतो का?"

"नव्हता," ही म्हणाली. "पण घोटाळा फारसा नव्हता त्यात."

मी नियमांचं पुस्तक आणलं. ऑफसाइडचा नियम तसा सरळ आहे. तुमचा गडी चेंडू मारतो त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असाल, चेंडूच्याही पुढे असाल आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तर तुम्ही ऑफसाइड. शेवटचा बहुधा गोली असतो, म्हणून शेवटून दुसरा मोजायचा. बस. एवढं वाचून मला वाटलं, हे तर पायथागोरसच्या मानाने काहीच नाही. मग मी पान उलटलं. नियम अर्ध्या पानाचा होता आणि त्याचा अर्थ कसा लावायचा हे पुढे बरीच पानं चाललं होतं. तिथेच पुस्तक मिटायला हवं होतं. पण समोर भिंगरी बसली होती.

भिंगरीबद्दल सांगायलाच हवं, कारण हे सगळं शेवटी तिच्यावर येऊन पडलं. ती धावते फार आणि पोचते कमी. घरात तिने पलंगाखाली, टेबलाखाली आणि एकदा उघड्या फ्रिजमध्ये गोल मारलेला आहे. मैदानात एकही नाही. त्या सामन्यात तिला एकच गोल हवा होता. जिंकणं-हरणं, बक्षीस, काही नको. "एकच, आजोबा. पण खरा," ती म्हणायची.

पहिले दोन तास सुरेख झाले. मुलं शंका विचारत होती आणि शंका विचारणारी मुलं पाहिली की मला भूक लागत नाही.

"आजोबा, हात पुढे गेला तर?"

"हात मोजत नाहीत. हाताने गोल करता येत नाही ना? मग हात सोडायचा. डोकं, धड, पाय मोजायचे."

"नाक?"

"नाक डोक्यावरच असतं. मोजायचं."

सगळ्यांनी लाडोबाकडे पाहिलं. लाडोबा म्हणजे अ इमारतीतल्या वकीलसाहेबांचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या घराण्यात नाकं पुढे जाण्याची परंपरा आहे. अर्ध्या तासात वकीलसाहेब हजर.

"सर, माझ्या मुलाला नाकावरून ऑफसाइड देणार म्हणे?"

"नाक हे केवळ उदाहरण होतं."

"उदाहरणाला तोंड असतं, सर. मुलं शाळेत चिडवतात त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी तो बचावपटू आहे ना? मग नाक आमच्या फायद्याचं की तोट्याचं?"

मी त्यांना दोन बूट आणि एक छत्री घेऊन समजावलं. फायद्याचं नाही, तोट्याचं आहे, हे कळल्यावर ते विचारात पडून निघून गेले. तेव्हापासून प्रत्येक घराने या नियमाचा आपापला अर्थ लावायला सुरुवात केली. डॉक्टरांचं मत पडलं की चेंडू नेमका कधी सुटला हेच महत्त्वाचं, कारण दात काढतानाही सुटण्याचा क्षण एकच असतो. तळमजल्यावरच्या विमा एजंटांनी विचारलं की खेळाडू ऑफसाइड जागी उभा राहून मेला तर काय. भाजी घेताना, लिफ्टमध्ये, दाढी करून घेताना लोक मला थांबवू लागले. केशकर्तनालयात तर कारागिराने वस्तरा माझ्या गळ्याशी धरूनच विचारलं, "मग सर, तुमचं म्हणणं काय, तो ऑफसाइड होता की नव्हता?" मी त्याचं म्हणणं मान्य केलं. आजही मला माहीत नाही कोणाबद्दल ते.

मग मी चौथा धडा घेतला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

चौथा धडा असा: ऑफसाइड जागी नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथे उभं राहून तुम्ही चेंडूला स्पर्श केलात, कुणाची नजर अडवलीत, कुणाला आडवे गेलात किंवा खांबाला लागून परत आलेल्या चेंडूचा फायदा घेतलात, तरच गुन्हा. मी हे इतक्या तळमळीने शिकवलं की मुलं एकदम गप्प झाली. मला वाटलं, पोचलं. पोचलं होतंच.

दुसऱ्या दिवशी विमा एजंटांच्या बायकोने ओट्यावर दूध ठेवून मुलीला लक्ष ठेवायला सांगितलं. दूध उतू गेलं. मुलगी शेजारीच उभी.

"अगं, बघत होतीस ना?"

"मी त्या जागी होते, आई. पण दुधाला हात लावला नाही, कुणाची नजर अडवली नाही, आणि फायदा तर घेतलाच नाही."

त्याच संध्याकाळी लाडोबाच्या घरी आरसा फुटला. फोडणारा मावसभाऊ होता; लाडोबा फक्त चेंडू मारणाऱ्याच्या शेजारी होता आणि आपण खेळात सहभागी नव्हतो हे त्याने वडिलांना इतकं मुद्देसूद पटवून दिलं, की वकीलसाहेबांना अभिमान वाटावा की कानाखाली द्यावी हे ठरेना. शेवटी दोन्ही झालं म्हणतात. आमच्या घरीही वेगळं नव्हतं. माझं आणि हिचं पडद्याच्या रंगावरून चाललं असताना चिरंजीव मधोमध वर्तमानपत्र धरून बसले होते. हिने विचारलं, "अरे, तू तरी बोल." तो म्हणाला, "मी जागेवर आहे, खेळात नाही." चांगला नोकरीला असलेला, बायको-मुलीचा माणूस!

आयांचं शिष्टमंडळ सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी माझ्याकडे आले. या वेळी चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"सर, वर्ग बंद करावे लागतील."

"अहो, पण एक भाग राहिलाय! शेवटचा. बचाव करणारा खेळाडू मैदानाबाहेर गेला तर त्याला कुठे धरायचं, तो."

"राहू दे. मुलं मोठेपणी आपापला वाचतील."

"मी उभ्या आयुष्यात अभ्यासक्रम अर्धवट सोडलेला नाही!"

"सर," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "माझ्या घरचं कुणीही आता कशातच सहभागी नाही. कचरासुद्धा कुणी खाली नेत नाही. फक्त सगळे त्याच्याशेजारी उभे असतात."

वर्ग बंद झाला. मी डॉक्टरांचा बूट स्वतः पुसून त्यांच्या दाराशी ठेवला. भिंगरीने विचारलं, "आजोबा, राहिलेलं महत्त्वाचं होतं का?" मी म्हणालो, "नाही गं. असं कधी घडत नाही." शिक्षकाने मुलांना कधीही न सांगण्याचं वाक्य हे एकच, आणि ते मी नेमकं तिलाच सांगितलं.

पण माझी सुटका झाली नव्हती. मैदान मागच्या बाजूला, नगरपालिकेच्या उद्यान विभागाच्या मालकीचं. त्यावर चुन्याच्या रेषा आखायच्या तर परवानगी हवी, आणि नियमाचं काम म्हणजे सरांचं. मी उद्यान विभागात गेलो. तिथल्या कारकुनाच्या टेबलावर एक वाळलेलं रोपटं होतं, त्यावरून मला कामाची गती कळायला हवी होती.

"किती रेषा?" तो म्हणाला.

मी सांगितल्या. त्याने लिहून घेतल्या. मग माझ्यातला शिक्षक नको तिथे जागा झाला.

"आणि एक ऑफसाइडची," मी म्हणालो, "पण ती आखायची नसते."

त्याने पेन खाली ठेवलं. "आखायची नाही तर सांगितली कशाला?"

"ती काल्पनिक असते. शेवटून दुसरा खेळाडू जिकडे सरकेल तिकडे सरकते."

"म्हणजे सरकती रेषा."

"तसंच म्हणा."

"सरकत सरकत मैदानाबाहेर गेली तर? पलीकडे पाणीपुरवठ्याची हद्द आहे."

"ती नाही जाणार."

"जबाबदारी कोण घेणार?"

मी, सेवानिवृत्त शिक्षक, एक काल्पनिक रेषा हद्दीबाहेर जाणार नाही अशी लेखी हमी देऊन आलो. तरीही साहेबांनी शेरा मारलाच: दिसणाऱ्या रेषांना मंजुरी, न दिसणारीची जागेवर पाहणी करून मग निर्णय. सामन्याच्या दिवशी सकाळी खरोखरच एक माणूस पाहणीला आला. मैदानभर हिंडला आणि रेषा आढळली नाही असं सांगून समाधानाने गेला.

पंच म्हणून जवळच्या शाळेतले व्यायामशिक्षक आले होते. लाइन्समन दोन हवे होते, प्रत्येक इमारतीचा एक. ब इमारतीतून सर्वांनी एका आवाजात माझं नाव घेतलं. इतरांना त्या दिवशी पाहुणे येणार होते. अ इमारतीतून डॉक्टर. (ते आमच्याच इमारतीत राहतात, पण दवाखाना अ इमारतीत आहे. यावर वेगळी बैठक झाली होती, ती सोडतो.) नाणं उडवून बाजू ठरली आणि सामन्याच्या उत्तरार्धात भिंगरीचा संघ जिकडे हल्ला करणार त्या बाजूला नेमका मी आलो. वकीलसाहेब लगेच म्हणाले, "आजोबा आणि नात एकाच बाजूला. बघा हं, मी काही बोलत नाही." हे ते दिवसभर बोलत राहिले.

माझ्या हातात फूटपट्टीला बांधलेलं पिवळं फडकं होतं. आणि डोळ्यांवर चष्मा, वरून लांबचं दिसणारा आणि खालून जवळचं. ज्यांना असा चष्मा नाही त्यांना माझं दुःख कळायचं नाही. चेंडू मारणारा पाय पाहायला मान खाली करावी, तर जवळच्या बचावपटूला दोन डोकी फुटायची; मान वर करावी, तर लांबचा सगळा संघ पाण्यात बुडालेला. नियम म्हणतो दोन्ही गोष्टी एकाच क्षणी पाहा. नियम लिहिणारा नक्कीच तरुण असणार.

पण खरी शोककथा मैदानात चालली होती. मी शिकवलेलं मुलं विसरली असती तर बरं झालं असतं. त्यांना सगळं आठवत होतं. चेंडू पुढे आला की बचावाची सगळी मुलं एक पाऊल पुढे टाकून वर्गात करतात तसे हात वर करून उभी राहायची. हल्ला करणारी मुलं धावता धावता थांबून विचारायची, "आजोबा, मी आत्ता कुठे आहे?" एका मुलाने तर गोलाच्या तोंडाशी आलेला चेंडू सोडून दिला आणि हात मागे बांधून उभा राहिला. का रे, तर म्हणे, "मी नुसता उभा होतो." प्रेक्षकांत कुणीतरी जांभई दिली, ती रांगेने माझ्यापर्यंत आली. मी आयुष्यभर म्हणत आलो होतो की मुलांना शिकवलेलं लक्षात राहत नाही. त्या दिवशी मला माझे सगळे ढ विद्यार्थी आठवले आणि त्यांच्याबद्दल प्रेम दाटून आलं.

शून्य-शून्य. सामना संपत आला.

तेवढ्यात अ इमारतीच्या गोलामागून हाक आली, "लाडोबा, इकडे ये, केळं खा. तोंड बघ किती उतरलंय." वकीलसाहेबांच्या पत्नी सोललेलं केळं घेऊन उभ्या होत्या. लाडोबा बचावाची जागा सोडून, पंचांना न विचारता, सरळ गोलरेषेच्या पलीकडे गेला आणि केळं खाऊ लागला. खेळ चालूच होता. आमच्या एका मुलाने चेंडू लांब पुढे मारला. त्या क्षणी अ इमारतीची बाकीची मुलं हात वर करून मैदानाच्या मध्याकडे सरकलेली, आणि त्यांच्या मागे, समोर फक्त गोली, अशी एकटी भिंगरी.

मी चष्म्याच्या वरच्या भागातून पाहिलं, खालच्या भागातून पाहिलं, आणि मला ते पान जसंच्या तसं दिसलं. न शिकवलेलं पान. बचाव करणारा खेळाडू परवानगीशिवाय मैदानाबाहेर गेला, तर ऑफसाइडपुरता तो गोलरेषेवरच आहे असं धरायचं. म्हणजे शेवटचा खेळाडू केळं खाणारा लाडोबा. शेवटून दुसरा गोली. आणि भिंगरी गोलीच्या अलीकडे. ऑफसाइड नाही!

"ऑफसाइड!" सगळं मैदान ओरडलं. भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. फडकं खाली होतं. ती धावली, आणि या वेळी पोचली. तिने पायाच्या पुढच्या भागाने, जिभेचं टोक बाहेर काढून, चेंडू मारला. चेंडू इतक्या हळू गेला की गोलीला बाजूला व्हायला पुरेसा वेळ मिळाला, आणि तो झाला. तो हात वर करून उभा होता ना.

गोल. माझ्या नातीचा पहिला गोल.

त्यानंतरचा आवाज मी वर्णन करत नाही. पंच माझ्याकडे आले, मी कारण सांगितलं, त्यांनी मान डोलावली, गोल दिला आणि शिट्टी वाजवून आपल्या सायकलवरून जे गेले ते परत दिसले नाहीत. उरलो मी.

"नातीसाठी झेंडा झोपला!" वकीलसाहेब म्हणाले.

"अहो, तुमचा मुलगा गोलरेषेवर होता!"

"गोलरेषेवर? तो बाहेर केळं खात होता! सगळ्यांनी पाहिलंय!"

"बाहेर होता, म्हणूनच रेषेवर होता!"

हे वाक्य नियमाप्रमाणे अचूक आहे. पण ते भर मैदानात घाम पुसत, हातात फडकं घेऊन म्हणून पाहा. सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर हात ठेवून सावलीत बसा म्हटलं. आमच्याच इमारतीतले लोक माझ्याकडे पाहून अर्थपूर्ण हसत होते. एकाने तर हळूच म्हटलं, "सर, मीसुद्धा हेच केलं असतं. घरचं माणूस आहे." प्रामाणिकपणाबद्दल कुणी संशय घेतला तर सोसता येतं, लबाडीबद्दल कौतुक झालं की माणूस खचतो. तिकडे वकिलीणबाई नवऱ्याला विचारत होत्या, "म्हणजे माझ्या केळ्यामुळे गोल झाला असं म्हणायचंय का तुम्हाला?" आणि वकीलसाहेबांची मोठी पंचाईत झाली होती, कारण हो म्हणावं तर बायको, नाही म्हणावं तर पक्ष.

घरी आलो तर भिंगरी बूट न काढता कोपऱ्यात बसलेली. ही तिच्यापुढे खाऊची वाटी धरून, ती हात लावत नाही.

"आजोबा, खरं सांगा. मी तुमची नात नसते तरी गोल दिला असता?"

"दिला असता."

"सगळे म्हणतात तसा नियमच नाही. आम्हाला तर तुम्ही शिकवला नाहीत."

"अगं, तोच राहिलेला भाग. वर्ग बंद झाला ना..."

"तुम्ही म्हणालात, असं कधी घडत नाही."

मी पुस्तक आणलं. तिने ते मिटून बाजूला ठेवलं. "पुस्तकात असेल. पण बाहेर गेलेला माणूस आत कसा असेल? तुम्हीच म्हणता ना, कळल्याशिवाय पाठ करू नका." मी चपला मांडल्या, वाट्या मांडल्या, खिडकी म्हणजे गोलरेषा केली. ती बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मला नको असला गोल. मी परत देते." मग डोळे पुसले ते माझ्याच पिवळ्या फडक्याला. मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्या संध्याकाळइतका नापास कधी झालो नव्हतो.

"तुम्ही आता काही शिकवू नका," ही हलकेच म्हणाली. "नुसते तिच्याजवळ बसा." मी बसलो.

गोल मंजूर करायचा की नाही यासाठी रविवारी दोन्ही इमारतींची सभा बोलावली गेली. हॉलची फरशी नुकतीच पुसलेली, म्हणून सगळ्यांनी पायातलं बाहेर जिन्यात काढलं. मुलं मागच्या भिंतीला टेकून बसली. भिंगरीला मी येऊ नको म्हटलं होतं, ती म्हणाली, "माझाच गोल आहे, रद्द होताना मी नको?" माझी बाजू मी फळ्यावर आकृती काढून मांडली. आकृती सुबक आली होती. खडूचा आवाज थांबल्यावर विमा एजंटांनी विचारलं, "पण सर, तो मेला असता तर?"

मतदान सुरू झालं. अ इमारत गोलाविरुद्ध, ब इमारत गोलाच्या बाजूने. नियम कुणीच बघत नव्हतं, सगळे आपापला मजला बघत होते. वकिलीणबाई उठून म्हणाल्या, "यात माझं केळं गुंतलेलं आहे. मी मत देणार नाही," आणि बसल्या. त्यामुळे पारडं अगदी समसमान झालं. फक्त वकीलसाहेब राहिले. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

अशील मोठा असावा. ते फोन कानाला लावून, कुणाला न विचारता, तडक बाहेर जिन्यात गेले. सेक्रेटरी पेन धरून थांबले. "आता काय करायचं? ते तर सभेत नाहीत."

बाहेरून वकीलसाहेबांचा आवाज आला. "अहो सेक्रेटरी, मी बाहेर असलो म्हणून काय झालं! मला आत धरा! हजर धरा!"

मग मागच्या भिंतीकडून कुणीतरी ताडकन उठलं.

"आजोबा!" भिंगरी ओरडली. "लाडोबा! लाडोबाचं केळं!"

"हेच! अगदी हेच!" मीही ओरडलो. इतक्या वर्षांत वर्गात मी कधी ओरडलो नव्हतो.

"नाहीतर कुणीही वाटेल तेव्हा बाहेर पळेल," ती मुलांना सांगत सुटली, "आणि म्हणेल मी नव्हतोच, मला मोजू नका! म्हणून धरायचं! तो बाहेर गेला तरी त्याला आत धरायचं!" लाडोबा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. "म्हणजे मी केळं खात होतो तरी खेळत होतो?" "हो!" "आईऽ! मी खेळत होतो!" वकिलीणबाई पदराआड हसू लागल्या आणि त्यांचं हसू थांबेचना.

मला वाटलं, झालं. आता तरी उजेड पडेल. मी सेक्रेटरींकडे पाहिलं.

"सर, मतदान चालू असताना मध्ये बोलू नका," सेक्रेटरी म्हणाले, आणि वकीलसाहेबांना आत धरून त्यांचं मत गोलाविरुद्ध मोजलं. एका मताने गोल रद्द झाला. जो नियम नाहीच असं सभेने ठरवलं, तोच नियम वापरून ठरवलं. मी हे उठून सांगितलंही. कुणी ऐकलं नाही. चहा आला होता.

मी खडू खिशात घातला आणि बाहेर निघालो. भिंगरीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत दार उघडलं, तर मुलं माझ्या आधीच जिन्यात पोचलेली होती. सभेला आलेल्या साऱ्यांचे बूट आणि चपला दोन संघांत मांडून झाल्या होत्या. मधोमध भिंगरी, हात मागे बांधून, अगदी माझ्यासारखी.

"आता नीट बघा," ती म्हणत होती. "हा बूट म्हणजे मी. हा गोली. आणि लाडोबा?"

"उंबऱ्याच्या पलीकडे," लाडोबा म्हणाला आणि वडिलांच्या काळ्या बुटाकडे बोट दाखवलं. "बाहेर आहे, पण आहे."

"नाक मोजायचं?" कुणीतरी विचारलं.

"मोजायचं," लाडोबा ऐटीत म्हणाला.

मागून मोठी माणसं बाहेर येऊ लागली आणि आपापलं पायातलं शोधू लागली. डॉक्टरांनी मांडणीकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच पायरीवर बसले. "शेवटून दुसरा ना?" ते म्हणाले. वकीलसाहेब फोन खिशात घालत बुटासाठी वाकले.

"काका, थांबा, उचलू नका," भिंगरी म्हणाली. "तुम्ही अजून मैदानात आहात."

वकीलसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिचं हसू अजून संपलेलं नव्हतं. ते मोज्यांवरच उभे राहिले.

"भिंगरे," मी हळूच म्हणालो, "गोल रद्द झाला गं."

"माहितीये," ती मागे न बघता म्हणाली. "पण होता." आणि पुढच्या मुलाकडे वळली. त्याला अजून कळलं नव्हतं आणि तिला घाई नव्हती.

मी माझ्या चपला शोधल्या. त्या कुठल्याच संघात नव्हत्या. पार कडेला, कठड्याशी ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर पिवळं फडकं घडी घालून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, लाइन्समनला आत नाही धरत."

मी फडकं उचललं, तेही तिची परवानगी घेऊन, आणि डॉक्टरांशेजारी पायरीवर बसलो.